नव्या वस्तूंची साक्ष

बाजारात नवीन वस्तू आली की तिच्याविषयी पहिला अभिप्राय कोण देतो, कोठे बसून देतो आणि कोणाच्या खर्चाने देतो, या तीन गोष्टी कळल्यावाचून त्या अभिप्रायाला कितपत मोल द्यावे हे ठरवता येत नाही, असे माझे पुष्कळ दिवसांचे मत आहे. कळफलक, प्रिंटर, यूपीएस, अंगठ्याचे यंत्र, मराठी लिहिण्याची एखादी आज्ञावली, या वस्तू आता सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावातही नित्याच्या झाल्या असून सेवा केंद्राचा चालक, पतसंस्थेचा कारकून, शाळेतील शिक्षक आणि झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मुलगा यांचा सारा दिवस त्यांच्यावर चालतो. परंतु या वस्तूंची जी परीक्षणे आपल्यापर्यंत येतात, ती बहुतांशी महानगरातील थंड खोलीत, वस्तू खोक्यातून निघाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि अनेकदा उत्पादकानेच पाठविलेल्या नगावरून केलेली असतात. ती खोटी असतात असे मी म्हणत नाही. ती ज्या परिस्थितीत खरी आहेत ती परिस्थिती इथे नाही, आणि ही गोष्ट परीक्षक सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात आले ते १७२४ च्या ऑक्टोबरात इथे झालेल्या लढाईमुळे. निजामुल्मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा इथे पराभव केला, मुबारिझखान रणांगणावर पडला, आणि दख्खनेत आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. हे दोघेही ज्या मोगल राज्ययंत्रणेत वाढले होते, तिने बातमीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न मोठ्या गांभीर्याने हाताळलेला होता. सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस नेमलेले असत आणि घडलेल्या गोष्टींचे वृत्त ते हुजुरास लिहून पाठवीत. परंतु वाकेनवीस आणि तिथला अंमलदार यांचे संधान जुळण्याचा धोका ओळखून, आपली ओळख गुप्त राखून लिहिणारा खुफियानवीस वेगळा नेमला जाई, म्हणजे एकाच्या लिखाणाची शहानिशा दुसऱ्याच्या लिखाणावरून व्हावी. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच मेहेरबानीवर लिहिणाऱ्याचा चरितार्थ असेल तर लिखाण कोणीकडे झुकते, हे त्या काळच्या दिवाणखान्यांना पुरते ठाऊक होते. आजच्या परीक्षकाला उत्पादकाकडून वस्तू मिळते, पुढची वस्तू मिळण्याची आशाही असते, आणि त्याच्या पाठीमागे खुफियानवीस मात्र कोणी नसतो.

हा प्रश्न जगाला सुचलाच नाही असे नव्हे. अमेरिकेतील ग्राहकसंघाने १९३६ पासून तपासणीचा प्रत्येक नग स्वतःच्या पैशाने, सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून विकत घेण्याचा दंडक पाळला. आपल्याकडे १९७८ मध्ये अहमदाबादेत निघालेल्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने पुढे स्वतःची प्रयोगशाळाही उभारली. २०१२ च्या आदेशान्वये प्रिंटर, विजेचे अडॅप्टर, बिनतारी कळफलक इत्यादी वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली, आणि २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. पैकी सक्तीची नोंदणी वस्तू सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहते, उपयोगी आहे की नाही हे पाहत नाही. अभिप्रायांचे मानक प्रसिद्ध झाले तेव्हा ऐच्छिक होते. तेव्हा उपयोगितेची साक्ष देण्याचे काम अखेर वापरणाऱ्यावरच येऊन पडते.

मराठी लिहिण्याच्या आज्ञावलीचे उदाहरण घेतो. नवी आज्ञावली हाती आली की मी प्रथम गावाचेच नाव विभक्तीसह लिहून पाहतो. ‘साखरखेर्ड्याला’ या शब्दातील र बोलताना ‘ड’च्या आधी येतो आणि कळफलकावरही आधीच दाबावा लागतो, परंतु उमटताना त्याचा रफार होऊन तो ‘ड्या’ या संपूर्ण जोडाक्षराच्या माथ्यावर बसला पाहिजे. तो अलीकडे घसरला अथवा ड आणि य यांच्यामध्ये पाय मोडलेला दिसला, तर पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर ‘वऱ्हाड’ लिहितो. हिंदीला न लागणारा हा अर्धा र मराठीला पदोपदी लागतो, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतील भेद त्याच्यावरच अवलंबून आहे, आणि आमच्या प्रांताचे नाव तर त्याच्यावाचून शुद्ध लिहिताच येत नाही. असे असता अनेक कळफलकांवर तो शोधून काढावा लागतो. ‘ॲ’ची कथा आणखी निराळी आहे. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत आणि अजूनही कित्येक भागवतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असल्यामुळे एका रूपात लिहिलेले नाव दुसऱ्या रूपात शोधणाऱ्याला सापडत नाही, आणि कचेरीच्या यादीत न सापडलेले नाव म्हणजे त्या दिवसापुरता नसलेला मनुष्य होय. बोलून लिहिण्याची सोय मराठीत आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण अक्षरओळख नसलेल्यांना तिने मोठे द्वार उघडले. परंतु तिचे परीक्षण पुणेरी उच्चारांत वाचलेल्या परिच्छेदावरून करणे न्याय्य नाही. ‘काहून’, ‘जाऊन राह्यलो’ असे बोलणाऱ्या शेतकऱ्याचे वाक्य ती जसेच्या तसे उतरवते की परस्पर प्रमाणभाषेत सुधारून टाकते, हे पाहिल्याखेरीज ती मराठी जाणते असे म्हणण्याचा अधिकार परीक्षकाला पोहोचत नाही.

अंगठ्याच्या यंत्राची गोष्ट याहून गंभीर आहे. कापूस वेचणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या, आयुष्यभर भांडी राखेने घासलेल्या वृद्ध स्त्रीच्या बोटांवरील रेषा पुसट झालेल्या असतात. केंद्रचालक काच फडक्याने पुसतो, “आजी, बोट जरा ओलं करा, आता दुसरं ठेवा, असं दाबू नका,” असे सांगत एकेक बोट फिरवून पाहतो, आणि यंत्रावर तांबडा दिवा लागत राहतो. शेवटी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या अंकांचा मार्ग उरतो. तो भ्रमणध्वनी मुलाजवळ आणि मुलगा पुण्याला. यंत्राच्या माहितीपत्रकात अचूकतेचा आकडा छापलेला असतो, तो कोणाच्या बोटांवरून काढला हे छापलेले नसते. माझ्या दृष्टीने परीक्षणाचे सारे कर्तव्य या एका उणिवेपाशी एकवटते: उत्पादकाने ज्याला मोजले नाही, त्याला परीक्षकाने मोजले पाहिजे.

यूपीएसचेही तसेच. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य सामान्यतः पंचवीस अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते, आणि तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की ते निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातील परिचित ठोकताळा आहे. वैशाखात टिनाच्या छपराखालील दुकानात तीच बॅटरी, दिवसातून कैक वेळा जाणाऱ्या-येणाऱ्या विजेवर, किती दिवस तग धरते हे जाणून घ्यायचे तर एक अख्खा उन्हाळा तिथे काढावा लागतो. कळफलकाची कळ पाच कोटी वेळा दाबली तरी टिकते असे आश्वासन मिळते. यंत्राच्या बोटाने स्वच्छ खोलीत दाबलेली ती कळ सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतील धुरळ्यात कशी वागते, हा निराळाच प्रश्न आहे.

या प्रश्नांची उत्तरे साखरखेर्ड्यात ठाऊक नाहीत असे कोणी समजू नये. कोणता प्रिंटर श्रावणात ओलसर कागद ओढत नाही, कोणत्या यंत्राची छापील पावती खिशातल्या घामाने आणि उन्हाने महिन्याभरात कोरी होते, हे केंद्रचालकाला मुखोद्गत असते. पण हे ज्ञान चहाच्या टपरीवर शेजाऱ्याला सांगितले जाते आणि तिथेच विरते. मेहकरला किंवा चिखलीला नवे यंत्र घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकापर्यंत ते जात नाही, मग उत्पादकापर्यंत जाण्याची गोष्टच दूर. ते मराठीत लिहिले गेले पाहिजे, आणि पंचनाम्याच्या शिस्तीने लिहिले गेले पाहिजे: वस्तू कोणी विकत घेतली, कोणत्या जागी ठेवली, कोणत्या ऋतूत वापरली, कोणाच्या हातांनी वापरली. वस्तू आल्याबरोबर एकदा आणि वर्ष उलटल्यावर पुन्हा एकदा असे दोन वेळा ते लिहावे. आज्ञावलीच्या बाबतीत तर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक वगळूच नये, कारण नाव तेच राहून आतला माल रातोरात बदलतो, आणि गतवर्षी ‘वऱ्हाड’ अचूक लिहिणारी आज्ञावली यंदाच्या सुधारणेनंतरही ते तसेच लिहिते की नाही, हे पुन्हा लिहून पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.