आवाज दाबायचा की खोड काढायची?

मुर्रीहून धानाचे कट्टे भरून गोंदियाच्या राइस मिलला निघालो की आमच्या जुन्या पिकअपचं मागचं हौसिंग गुणगुणायचं. अ‍ॅक्सिलेटर दाबला की आवाज चढे, पाय काढला की बदले. मिस्त्री म्हणाला, "काकाजी, हे क्राउन-पिनियनचं काम आहे. चाकाचं बेअरिंग असतं तर पाय काढल्यावरही सारखंच घरघरलं असतं."

त्याने ड्रेन नट खोलला. ऑइल काळंभोर, त्यात लोखंडाचा चमकता चुरा. दोन वर्षं मी ते ऑइल पाहिलंच नव्हतं. चूक माझीच.

गाडी विकायची ठरली होती. घेणारा गावातलाच, भाजीचा धंदा करणारा पोरगा. गॅरेजात बसलेला एकजण हळूच बोलला, "जाड ऑइलमध्ये लाकडाचा भुसा टाका जी, महिनाभर चूप."

मन डळमळलं. पोरगा विचारणार नव्हता, मग न सांगणं म्हणजे खोटं बोलणं होतं का? पण भुशाने दातांची झीज थांबत नाही, फक्त ऐकू येणं थांबतं. भरल्या गाडीत कधीतरी दात तुटलाच असता, आणि तेव्हा नुकसान त्याचं झालं असतं.

माझा बाप बैलबाजारात बैलाचे दात दाखवायच्या आधी त्याची खोड सांगायचा. दोन पैसे कमी यायचे.

मी क्राउन-पिनियनची जोडी बदलली, बेअरिंगं नवी टाकली आणि पोराला सगळं सांगितलं. खर्च काही निघाला नाही. पण तो पहाटे माझ्या दारावरून भाजी घेऊन जातो, तेव्हा मी घरात लपत नाही.