पेढा आणि मत्सर

सहकाऱ्याच्या दुःखात सहभागी होणे सोपे, मग त्याच्या उत्कर्षात सहभागी होणे इतके अवघड का असावे? कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांना हा प्रश्न नवा नाही. शेजारच्या मेजावरील गृहस्थांची पत्नी रुग्णालयात होती, तेव्हा आम्ही त्यांचे काम महिनाभर आनंदाने उपसले. पुढे त्यांना बढती मिळाली. त्यांनी दिलेला पेढा मात्र आमच्या घशाखाली उतरेना. माणूस तोच, आम्हीही तेच. मग आमची सहानुभूती गेली कुठे?

कदाचित ती निर्भेळ नव्हतीच. दुःखी माणसापुढे आपण नकळत उंच होतो. त्याच्या भाग्योदयाने ती उंची हिरावली जाते. पतंजलींनी योगसूत्रांत दुःखितांविषयी करुणा सांगितली, तशी सुखी माणसाविषयी मैत्री निराळी सांगितली. करुणेने मैत्रीचे काम भागत नाही, हेच त्यातून ध्वनित होते.

अर्थात, सगळाच असंतोष मत्सर नव्हे. सीमा रस्ते सेवेतील अभियंते देवदत्त यांना न कळविलेल्या एका ‘चांगला’ या शेऱ्यापायी बढती नाकारली गेली. त्यांच्या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. तो लढा न्यायाचा होता. दोहोंतील भेदाची कसोटी साधी आहे: समाधान आपला शेरा सुधारल्याने होईल, की दुसऱ्याचा बिघडल्यानेच?

आमच्या चंडीगडात नेकचंद सैनी हे बांधकाम खात्यातील रस्ता-निरीक्षक होते. नोकरी सांभाळून, सुखना तलावाजवळच्या राखीव वनात, फुटक्या बांगड्या आणि टाकाऊ भांडी यांतून ते गुपचूप एक नगरी उभारीत राहिले. ती 1976 मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांस खुली झाली. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. परंतु तत्पूर्वीची सुमारे 18 वर्षे त्या कामाला ना शेरा होता, ना ज्येष्ठतेची यादी. ज्याच्या आत्मसन्मानाचे मूळ कामात रुजले, त्याला शेजाऱ्याची उंची मोजावी लागत नाही.

आमच्या वाट्याला तसे वन नाही. पण नेटक्या टिप्पणीची वाट पाहणारी नस्ती रोज मेजावर असते. आणि त्या गृहस्थांचे मनापासून अभिनंदन करणे आमच्याकडून अजून राहिले आहे. उद्या कचेरी भरताच प्रथम ते करावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.