डाग कोणता आणि खूण कोणती?

जुन्या वस्तूची डागडुजी करणाऱ्या मनुष्यास एक प्रश्न पावलोपावलीं पडतो, आणि बहुधा तो न सोडवितांच मनुष्य पुढें जातो. तो प्रश्न असा कीं, ज्याला आपण दोष समजून पुसावयास निघालों आहों, तो खरोखर दोषच आहे काय? आम्हांस हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत भेटला नाहीं; तुळजापुरांतील एका घरच्या पत्र्याच्या पेटींत तो सांपडला. पेटींत कागदावरील जुनीं छायाचित्रें होतीं, कृष्णधवल निगेटिव्हच्या कांहीं पट्ट्या होत्या, आणि स्कॅनरवर त्यांच्या प्रती करून देण्याचें काम आम्हीं हौसेनें पत्करलें होतें.

पहिल्या दिवशीं जें घडलें तें आमच्या अडाणीपणाचेंच फळ होतें. प्रत्येक चित्रांत एकाच ठिकाणीं एक ठिपका उमटूं लागला. चित्र फिरवून ठेविलें तरी ठिपका जागचा हलेना, तेव्हां तो चित्रावरचा नसून स्कॅनरच्या कांचेवरचा आहे हें उमगलें. एका निगेटिव्हच्या प्रतींत गृहिणीची नथ उजव्या नाकपुडींत दिसली; पट्टी उलट्या बाजूनें ठेविली गेली होती. दुसऱ्या पट्टीवर पाण्यावरील तेलाच्या तवंगासारखीं वर्तुळें दिसूं लागलीं. फिल्म कांचेस चिकटली होती, ती किंचित् उचलून धरतांच तीं नाहींशीं झालीं. उजेडाचें माप आम्हीं सॉफ्टवेअरवर सोंपविलें होतें. त्यानें चित्राभोंवतींचा पांढरा काठही मापांत धरला व आंतील चेहरे मळकटच ठेविले. काठ वगळतांच चेहरे उजळले. हे दोष आमचे व आमच्या यंत्राचे होते. ते काढतांना मनाला किमपि संकोच वाटला नाहीं, आणि वाटावयाचें कारणही नव्हतें. कांचेवरच्या धुळीला इतिहास समजून जपणें हा भाविकपणा नव्हे, आळस होय.

परंतु पुढें वाट अवघड झाली. देवळाच्या आवारांत घेतलेल्या एका चित्रांत, मंडळीच्या मागें, आराधिणीच्या वेषांतील एक स्त्री हातांत परडी घेऊन उभी होती. कागदावर धुळीचे कण फार असल्यामुळें आम्हीं सॉफ्टवेअरमधील धूळ घालविण्याची सोय चालूं केली. कण गेले, आणि त्यांच्याबरोबर त्या स्त्रीच्या गळ्यांतील माळेच्या कांहीं कवड्या व हनुवटीवरचें गोंदणही गेलें. यंत्राला बोल लावण्यांत अर्थ नव्हता. सभोंवतालच्या भागाशीं न जुळणारा लहानसा ठिपका म्हणजे धूळ, एवढीच व्याख्या त्याला शिकविलेली असते. आणि त्या व्याख्येप्रमाणें कवडी ही धूळच ठरते. निगेटिव्हच्या बाबतींत तर नवल अधिकच. रंगीत फिल्ममधील रंगांतून अवरक्त किरण आरपार जातात व धूळ त्यांना अडविते, ह्या गुणाचा उपयोग करून कांहीं स्कॅनर धूळ ओळखतात. पण कृष्णधवल फिल्ममधील प्रतिमा चांदीच्या कणांची असते, आणि चांदीही त्या किरणांना अडविते. म्हणून तेथें ही सोय चालूं ठेविली तर यंत्राला प्रत्यक्ष प्रतिमाच घाण वाटूं लागते.

रंगीत चित्रांनीं आणखी एक पेंच घातला. त्या काळच्या कित्येक रंगीत कागदांवरील निळसर हिरवा रंग आधीं विटतो, आणि उरलेलें चित्र तांबूस दिसूं लागतें. रंग पूर्ववत् करण्याची आज्ञा देतांच तांबूसपणा ओसरला खरा. पण नवरात्रांतील त्या चित्रांत कपाळांवर व पायऱ्यांवर जें कुंकू होतें, तेंही निस्तेज झालें. काळानें चढविलेली लाली आणि भक्तानें उधळलेली लाली ह्यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्यानेंच हा रंग हातानें सावरला पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, घरच्या भिंतीवर लावावयाच्या चित्रासाठीं एवढा काथ्याकूट कशाला? आमचें उत्तर असें कीं, दुरुस्तीस आमचा विरोध नाहीं; दुरुस्ती लपविण्यास आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ ह्या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. संपादकांनीं त्यांस ग्राह्य वाटलेला पाठ वर छापला. पण टाकलेले पाठभेद तळटीपांत दिले, आणि जेथें खात्री कमी होती तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली. आपल्या निवडीचा न्याय पुढच्या वाचकानें करावा, एवढी वाट त्यांनीं मोकळी ठेविली. घरगुती चित्रालाही हाच नियम लावतां येतो. सर्व सुधारणा बंद ठेवून, लहान चित्रास इंचाला ६०० बिंदु घेऊन, १६ बिटांची एक टिफ प्रत प्रथम करावी व तिला पुन्हा हात लावूं नये. जें काय पुसावयाचें, भरावयाचें, उजळावयाचें, तें दुसऱ्या प्रतीवर. जागा थोडी अधिक लागते, परंतु चूक परत घेण्याचा अधिकार शिल्लक राहतो.

हा अधिकार आम्हांस लवकरच लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या बाजूस भूकंप झाला, तेव्हां दगडमातीचीं माळवदाचीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. त्या ढिगाऱ्यांतून निघालेलें एक चित्र ह्या पेटींत होतें. घरच्या आजींची बहीण त्यांत होती, आणि फाटलेली एक रेघ तिच्या कपाळापासून डाव्या डोळ्यावरून खालीं गेली होती. हल्लींचीं साधनें अशी फाटलेली जागा स्वतःच्या तर्कानें भरून काढतात. आम्हीं ती रेघ मिटविली, डोळा भरून घेतला, आणि मोठ्या आनंदानें चित्र आजींपुढें ठेविलें. त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें व म्हणाल्या, “छान झालंय बापू, पण ही माझी बहीण नव्हं.”

तो डोळा खरोखरच तिचा नव्हता. हजारों अनोळखी चेहऱ्यांवरून यंत्रानें बांधलेला तो अंदाज होता, आणि एका मृत स्त्रीच्या चेहऱ्यावर तो बसविण्याची परवानगी आम्हांस कोणीं दिली नव्हती. रेघेविषयीं विचारलें तेव्हां आजी म्हणाल्या, “राहूं द्या ती. तिच्या घरातनं एवढंच आलं.”

फाटणें हा कागदाचा दोष होता. त्या घरांत मात्र तो तिच्या शेवटाची खूण झाला होता, आणि हें चित्राकडे नुसतें पाहून आम्हांस कळणें शक्य नव्हतें. आधीं विचारावयास हवें होतें. पहिली प्रत जशीच्या तशी होती, म्हणून रेघेसकट चित्र आम्हीं आजींना देऊं शकलों. नातवाला भरलेलें चित्रच आवडलें, तेंही त्याला दिलें. फक्त त्याच्या पाठीमागें लिहून ठेविलें कीं, डावा डोळा यंत्रानें काढलेला आहे.