मुक्या जिवाला दिलेला शब्द

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर, आमच्या साताऱ्याच्या धर्मग्रामातील एक मुलगा आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात पोत्याचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेले कुत्र्याचे पिल्लू. महामार्गालगतच्या नाल्यात ते त्याला सापडले होते. अंग धनगरी कुत्र्यासारखे काटक. कान मात्र अर्धवट उभे आणि पाठीवर जर्मन शेफर्डची काळी झाक. पाठोपाठ मुलाचे वडील आले. "फादर, तुम्हीच याला समजावा," ते म्हणाले. "घरात आईची औषधं, याच्या शाळेची फी. कुत्र्यावर घालायचा पैसा एखाद्या गरिबाच्या पोरावर घातला, तर देवाला ते अधिक आवडणार नाही का?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्हाला सुचले नाही. "आठ दिवस पिल्लू राहू द्या, मग बोलू," एवढेच आम्ही म्हणालो.

असा मिश्र वाणाचा जीव येतो कोठून? साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडी हा दुष्काळी पट्टा म्हणजे मेंढपाळांचा मुलूख. चाऱ्याच्या शोधात धनगरांचे वाडे रानोमाळ हिंडतात आणि रात्री लांडग्यांपासून कळप राखतात ते त्यांचे कुत्रे. इकडे शहरांत हौसेने जर्मन शेफर्ड आणले जातात. तोही मूळचा मेंढ्या वळणाराच. पिल्लू मोठे झाले, खाणे वाढले, घरभर केस पडू लागले की हौस विरते आणि कोणीतरी त्याला गावाबाहेर सोडून येते. मग दोन्हीकडून राखणीचे रक्त घेऊन पिल्ले जन्मतात. त्यांना राखणारा मात्र कोणी नसतो.

माणूस आधी की कुत्रा, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने संदिग्ध ठेवलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद २४१८मध्ये दोन्ही बाजू सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा आधी खर्चायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. अशा वेळी बोटीत जागा माणसाला, यात पाप नाही. परंतु बोटीतला नियम आपण घराच्या ओसरीवर लावतो, तेथे आपली फसगत होते. ओसरीवर निवड बहुधा गरिबाचे मूल आणि कुत्रा यांत नसतेच. ती आपली सोय आणि कुत्रा यांत असते. गरिबाचे नाव आपण नकारापुरतेच घेतो आणि वाचलेला पैसा त्याच्या दारी क्वचितच पोहोचतो.

हे आम्ही अधिकाराने सांगत नाही. पूर्वी सांगली जिल्ह्यातील एका धर्मग्रामात असताना आम्हीही असेच एक पिल्लू आणले होते. मुले त्याला मोती म्हणत. चार वर्षांनी आमची बदली झाली. "कोणीतरी बघेल," असे म्हणून आम्ही निघालो. पुढे कोणा धर्मग्रामस्थाने सांगितले, की मोती कित्येक दिवस संध्याकाळी फाटकाशी बसून राही. वर्षभरात तो गेला. त्याला नाल्यातून उचलले त्या दिवशी लोकांनी आमच्या दयेचे कौतुक केले होते. सोडून गेलो त्या दिवशी कोणी काही विचारले नाही.

दया आणि निष्ठा यांतील अंतर आम्हाला मोतीने शिकवले. दयेला एक क्षण पुरतो. निष्ठेला दहा-बारा वर्षे लागतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपासमारीच्या तोंडी विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भटका कुत्रा जो दत्तक घेईल, तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी त्याचीच. कायदा येथवर येतो. त्यापुढे साक्षीदार एकटा परमेश्वर; कारण ज्याला शब्द दिला तो जाब विचारू शकत नाही. वेदीपुढे आपण विवाहाचे, गुरुदीक्षेचे शब्द देतो. लहान गोष्टीत जो विश्वासू राहत नाही, त्याच्या मोठ्या शब्दाचे मोल काय? तोबीतच्या ग्रंथात तोबिया देवदूतासह प्रवासाला निघतो, तेव्हा कुत्राही सोबत निघतो. कथेत त्याला काही काम नाही. तरी शास्त्रकाराने त्याला मागे ठेवले नाही.

आठ दिवसांनी बापलेक आले. आम्ही मोतीची हकीकत सांगितली आणि विचारले: पहाटे फिरवणार कोण? लसी, दरवर्षीची रेबीजची सुई, नसबंदी यांचा खर्च झेपेल का? सातवीतला हा मुलगा उद्या कॉलेजला परगावी गेला, तर? झेपत नसेल तर चांगले घर शोधून द्या. तीही दयाच आहे. आणि ठेवणार असाल, तर त्या गरीब मुलाच्या फीचेही विसरू नका.

वडील बराच वेळ गप्प होते. त्यांची नोकरी बदलीची. मग पिल्लाकडे पाहत ते म्हणाले, "फादर, बदली झाली, की सामानाच्या टेम्पोत पहिली जागा याची."

आम्ही मान खाली घातली आणि दोघांना आशीर्वाद दिला.