फिरत्या नाण्याचा मुक्काम

वाटेत सापडलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न पुरातन आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा यत्न स्मृतिकारांपासून मेकॉलेपर्यंत अनेकांनी केलेला आहे. ज्याचा धनी ठाऊक नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे सांभाळावे, तोवर धनी न आल्यास मग आपलेसे करावे, असे मनूने सांगितले. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत तर सापडलेल्या रुपयाचे उदाहरणच घातलेले होते. हमरस्त्यावर रुपया पडलेला दिसला, तो कोणाचा हे ठाऊक नाही, आणि वाटसरूने तो उचलला, तर तो गुन्हा नव्हे. परंतु धनी माहीत असता, किंवा त्यास शोधण्याचे साधन हाताशी असता, जो वस्तू आपलीशी करील त्याने अपहार केला असे समजावे. ही संहिता 2024 च्या जुलैपासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हा विवेक तिनेही कायम ठेवला आहे. मात्र या सर्व विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती ही की, सापडलेली वस्तू ही आधी हरवलेली असते. जी हरवलेली नाही, टाकून दिलेली नाही, कोणास दानही केलेली नाही, तर कोणास तरी सापडावी म्हणूनच मुद्दाम ठेवलेली आहे, अशा वस्तूचे काय करावे, याचा विचार ना मनूस करावा लागला ना मेकॉलेस.

तो करण्याचा प्रसंग आता आला आहे, आणि तोही एका खेळाच्या निमित्ताने. 2000 सालच्या मे महिन्याच्या 2 तारखेस अमेरिकन सरकारने आपल्या उपग्रहांच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेला दोष काढून टाकला. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील यंत्रही पृथ्वीवरील ठिकाण काही पावलांच्या फरकाने अचूक सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली दडवली, तीत पुस्तके, गलोल, शिजवलेल्या घेवड्याचा हवाबंद डबा अशा किरकोळ वस्तू आणि एक वही-पेन्सिल ठेवली, आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. शोधावे, काही घ्यावे, काही ठेवावे, वहीत लिहावे, एवढाच नियम. यालाच पुढे जिओकॅशिंग हे नाव पडले. यातील कॅश म्हणजे रोकड नव्हे, दडवलेला साठा. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दलदलीपाशी बाटली ठेवून येणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या तीत जमवल्या होत्या. पुढे तेथे लोक आपलाच पत्ता घातलेले कार्ड ठेवून जात, आणि मागाहून येणारा अनोळखी मनुष्य ते नेऊन टपालात टाकी. म्हणजे कल्पना जुनीच, यंत्र तेवढे नवे.

या डब्यांतून दोन प्रकारच्या वस्तू मिळतात, आणि सारा घोटाळा या दोहोंतील भेद न ओळखल्याने होतो. पहिल्या प्रकारच्या वस्तू अदलाबदलीच्या: खेळणी, मणी, किंवा खेळाडूने आपल्या नावाची खूण म्हणून वाटलेल्या लाकडी चकत्या. त्या घ्याव्यात, बदली तितक्याच मोलाचे काही ठेवावे, की व्यवहार मिटला. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू मात्र फिरस्त्या आहेत. सैनिकांच्या गळ्यातील ओळखपट्टीसारखी एक पट्टी, जिला ट्रॅव्हल बग म्हणतात, किंवा सुबक ठसा मारलेले जिओकॉइन नावाचे नाणे. त्यांवर एक क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक संकेतस्थळावर नोंदवला की ही वस्तू कोठून निघाली, कोणकोणत्या हातांतून गेली, तिच्या धन्याने तिला कोठे पोहोचवण्याचा संकल्प केला आहे, हे सर्व दिसते. ती घेताना बदली काही ठेवण्याची गरज नाही. अट एवढीच की ती पुढल्या डब्यात पोहोचवावी. कोणी साधारणतः पंधरवड्याचा मुक्काम रास्त समजतात. ज्यास पुढे नेणे जमणार नाही त्याने ती पाहावी, क्रमांक टिपून घ्यावा, आणि होती तेथेच ठेवून यावी, अशीही सोय केलेली आहे. अल्मरचा तो घेवड्याचा डबादेखील पुढे अशीच पट्टी लावून फिरतीवर निघाला, हे ऐकून आम्हांस हसू आले खरे. पण वस्तूची प्रतिष्ठा तिच्या पोटातील मालावर नसते, हे त्या डब्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता समजा, वेरूळ-अजिंठा पाहावयास आलेल्या एखाद्या परदेशी प्रवाशाच्या खिशातून असे एक नाणे आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या आसपास येऊन पोहोचले, आणि एखाद्या महाविद्यालयीन तरुणास ते डबीत सापडले. नाणे देखणे आहे, जड आहे, हजारो कोस फिरून आलेले आहे. त्यास ते ठेवून घ्यावेसे वाटते. त्याची कारणेही अगदीच टाकाऊ नसतात. धन्यानेच ते उघड्यावर सोडले, तर त्याचा हक्क कसला? आपल्याकडे हा खेळ विरळा, पुढली डबी जवळपास आहे कोठे? आणि नाण्याचा खरा चाहता आपण असता, ते एखाद्या डबीत ओलीने काळे पडू द्यावे, यात नाण्याचा तरी काय लाभ?

पहिले कारण कायद्यालाही पटणार नाही. सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते, असे 1872 चा करारविषयक कायदा सांगतो. आपल्या धर्मशास्त्रात तर निक्षेप हे अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. परंतु या नाण्याचा निक्षेप मोठा विलक्षण आहे. नेहमीची ठेव आपण माणूस पारखून, त्याचे कुळशील पाहून ठेवतो. येथे ठेवणाऱ्याने कोणासच पाहिलेले नाही, आणि तरीही ठेवलेले आहे. विश्वास पात्रतेवरून द्यावा, असे आपण मुलांस शिकवतो. हा मनुष्य पात्रता पाहण्याआधीच विश्वास देऊन मोकळा झाला. तेव्हा ज्याने ते नाणे खिशात घातले, त्याने चार पैशांचे धातू घेतले हे खरे असले, तरी मोडले ते त्याहून नाजूक काही. पुष्कळ मालक आता मूळ नाणे घरी ठेवून त्याची हलकी नक्कल फिरतीवर पाठवतात, ती या अनुभवानंतरच. लोकांनी चांगली वस्तू घराबाहेर काढणे सोडले, की नुकसान कोणा एकाचे राहत नाही.

तिसरे कारण आम्हांस अधिक विचारार्ह वाटते, कारण त्यात प्रेम आहे. प्रेमाने ठेवून घेतलेली वस्तू ही चोरलेल्या वस्तूसारखी नव्हे, असे मन म्हणते. येथे पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअँड बेटांचे उदाहरण उपयोगी पडेल. मॅलिनोव्स्की या पंडिताने तेथे राहून कुला नावाच्या प्रथेचे वर्णन 1922 च्या आपल्या ग्रंथात केले. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शंखांची कंकणे उलट दिशेने, अशी ही भूषणे बेटाबेटांतून अखंड फिरत असतात. ती बहुधा कोणी नित्य अंगावर घालीत नाही. काही काळ जवळ ठेवावी, लोकांस दाखवावी, कोणाकडून आली ते सांगावे, आणि पुढे द्यावी. फार दिवस अडकवून ठेवणाऱ्याची अपकीर्ती होते. यातील मर्म असे की, नामांकित माळ आपल्या हातून गेली हाच तेथे सन्मान आहे, ती आपल्या पेटीत आहे हा नव्हे. 'होती' या भूतकाळी क्रियापदात 'आहे'पेक्षा अधिक वैभव असू शकते, ही गोष्ट आम्हां मध्यमवर्गीयांस, ज्यांचे अर्धे आयुष्य कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यात जाते, थोडी अवघड वाटणारच.

परंतु फार दूर जाण्याचे कारण नाही. नाशिकनजीक जोगळटेंभी येथे 1906 साली क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याने ती नाणी वितळवली नाहीत. त्याने त्यांवर आपली खूण केली आणि ती चलनात परत सोडली. कित्येकांवर नव्या ठशाखाली जुन्या राजाचा चेहरा अजूनही दिसतो. जेत्याचा हेतू अर्थात सौजन्याचा नव्हता. त्याचे सौजन्य शोधण्यासाठी आम्ही हे उदाहरण घेतलेले नाही. पण आपली खूण करून पुढे धाडणे आणि आपल्यापाशी थांबवणे, यांतील अंतर त्या चांदीत डोळ्यांस दिसते. प्रवासी नाण्यावर अशी खूण करण्याची जागा म्हणजे त्याची नोंद. ते आमच्या गावी कोणत्या ऋतूत आले, कोणी कोठे नेले, हे चार ओळींत लिहिणे हाच आपला ठसा.

आणि येथे उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे, कारण सर्व पाप ठेवून घेणाऱ्याच्याच माथी मारणे न्याय्य नव्हे. आमच्या वाचकभगिनींस हळदीकुंकवातील तो खण पुरता परिचयाचा असेल, जो कोणीच शिवत नाही. तो एका घरातून ओटीत येतो, कपाटात विसावतो, आणि पुढल्या प्रसंगी दुसरीच्या ओटीत जातो. कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी मूळ घरी परत येतो आणि घरधनीण त्यास ओळखतेही! हा खण कुलाच्या माळेइतकाच फिरला, पण त्यास कोणी पाहिले नाही, कोणी त्याची गोष्ट सांगितली नाही. तो पुढे गेला तो केवळ नकोसा होता म्हणून. नाणे हाती येताच क्रमांक टिपून, एकही अक्षर न लिहिता, ते पुढल्या डबीत टाकणारे खेळाडूही असेच. त्यांनी नियम मोडला नाही. त्यांना दोष कसा द्यावा हे आम्हांस नीटसे सांगता येत नाही. पण त्यांच्या हातून नाणे गेले, यापेक्षा ते त्यांच्या हाताखालून गेले असे म्हणणे अधिक बरोबर होईल. म्हणून तो पंधरवड्याचा मुक्काम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. पाहुण्यास दारातूनच परत पाठवू नये आणि त्यास कोंडूनही ठेवू नये.

मात्र 'फिरते ते चांगले' असा सरसकट नियम कोणी यावरून काढील, तर तो आमच्याच जिल्ह्यात खोटा ठरेल. पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. तेथील पांढरीच्या मातीतून जुनी नाणी, मणी, खापरे निघत आलेली आहेत. अशा नाण्याचे सारे ज्ञान ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडले होते, यात असते. ते उचलून मित्रास दिले, मित्राने पुण्यास नेले, तेथून ते परदेशी गेले, की प्रत्येक पावलास ते अधिकाधिक मुके होत जाते. प्रवासी नाणे चालताना बोलते, पैठणचे नाणे जागेवर बोलते. 1878 चा निखात निधीविषयीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देण्यास सांगतो. ही दहा रुपयांची मर्यादा आज वाचताना मौज वाटते, पण तिचा हेतू गैर नव्हे.

येथे संग्राहकांविषयी दोन शब्द न बोलणे कृतघ्नपणाचे होईल. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या प्राचीन वस्तू जमवून ठेवल्या नसत्या, तर तेथील संग्रहालय आज उभे राहते ना. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही जन्मभर वस्तू ठेवून घेतल्या, आणि 1975 साली तो सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यांचे ठेवणेही शेवटी पुढे देण्यासाठीच होते; मुक्काम तेवढा लांबला. प्रवासी नाणे घरी ठेवणारा तरुण आपली तुलना या मंडळींशी करू लागला, तर त्यास एवढेच विचारावे की, तुझे कपाट कोणासाठी उघडे आहे?

एक गोष्ट अवांतर. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तेथे आपले नाव कोरून आला. 'मी येथे होतो' हे लिहिण्याची माणसाची हाव जुनी आहे, आणि तिला वही व पेन्सिल पुरवणारा खेळ आम्ही तरी तुच्छ मानणार नाही. संरक्षित स्मारकांच्या आवारात मात्र डबी दडवण्याचा मोह कोणी धरू नये.

राहिला प्रश्न धन्याचा. पुष्कळ नाण्यांचे धनी आता खेळ सोडून गेले आहेत. काही तर हयातही नसतील. त्यांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर येत नाही. मग मनूची तीन वर्षे लोटल्यावर तरी नाणे आपले होते काय? आमचे मत नाही असे आहे, आणि त्याचे कारण धन्याशी संबंधित नाही. फिरस्त्या वस्तूचे देणे मागच्यास असते त्याहून अधिक पुढच्यास असते. धनी गेला तरी पुढला शोधणारा जाता नाही. तो अजून यावयाचा आहे. डबीच्या नोंदीत अमुक नाणे आत आहे असे लिहिलेले वाचून कोणी बाप आपल्या मुलीस घेऊन उन्हातान्हात टेकडी चढतो, दगड बाजूस सारून डबी उघडतो, मुलगी आत डोकावते, आणि डबीत वहीखेरीज काहीच नसते. ते नाणे शहरात एका टेबलाच्या खणात सुखरूप असते. त्या बापाचे नाव खणवाल्यास ठाऊक नाही, आणि कधी कळणारही नाही. डबीच्या देखरेखीचा भार ज्याच्यावर आहे, तो काही दिवसांनी नोंदीत 'गहाळ' अशी खूण करतो.