पेरणी झाल्यावर वाट कशी पाहावी?



गडचांदूरला आमच्या वस्तीत सध्या एक घर वाट पाहत आहे. घरातला कर्ता माणूस सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातो. थोरली मुलगी चंद्रपूरला राहून पदवीधर झाली, अर्थशास्त्र तिचा विषय. तिने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे १९१६ साली बाबासाहेब जिथे दाखल झाले त्याच संस्थेत, पुढील शिक्षणासाठी अर्ज केला आहे. तिथे जगभरातून अर्ज जातात, आणि नाकारले जाणारेच अधिक असतात. अर्ज जाऊन दोन महिने झाले. उत्तर फोनवर यायचे आहे. त्या घरातल्या ज्या कोनाड्यात पूर्वी देव होते आणि आता भगवान बुद्धांची मूर्ती आहे, त्याच कोनाड्यात तो फोन ठेवलेला असतो. मूर्तीपेक्षा फोनकडे अधिक वेळा पाहिले जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मागल्या आठवड्यात मुलीची आई मला रस्त्यात भेटली. पिशवीत नारळ होता. मी काही विचारले नव्हते, पण तीच म्हणाली, "सर, पोरीसाठी करून राहिली मी. एक नारळ फोडल्यानं काय बिघडते? पत्र आलं का बंद करीन."

बंधूंनो, या माउलीला हसू नका. तिच्या आजेसासूने १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांसमोर धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा त्या घरात भिंतीवर लावलेल्या आहेत. तरीही नारळ पिशवीत आला. का आला? अंधश्रद्धा म्हणून हात झटकणे सोपे आहे. खरे कारण असे की, वाट पाहणाऱ्या माणसाचे हात रिकामे असतात, आणि रिकाम्या हातांना काहीतरी धरायला लागते.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. माझ्या बी.एड.च्या प्रवेशाची यादी लागायची होती, तेव्हा माझे वडील गुपचूप एका भगताकडे जाऊन आले होते. माझ्या उशाखाली लिंबू सापडले. मी घरातला पहिला पदवीधर, मित्रांत प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हणणारा. मी ते लिंबू फेकले नाही. यादी लागेपर्यंत तिथेच राहू दिले. माझे नाव यादीत आले, आणि पुढे कितीतरी दिवस मला ठामपणे सांगता येईना की ते माझ्या गुणांमुळे आले की लिंबामुळे. नवस माणसाकडून नारळापेक्षा अधिक घेतो तो असा. त्याच्या कष्टाचे श्रेय तो उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

मग धम्म अशा वेळी काय सांगतो? अंगुत्तर निकायात तथागतांनी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. आपल्या कोरपना-राजुऱ्याकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याची तीन कामे तातडीची असतात. जमीन नांगरून नीट करावी, वेळेवर बी पेरावे, वेळेवर पाणी आत घ्यावे आणि वेळेवर बाहेर काढावे. यात आळस चालत नाही. पण आज अंकुर फुटो, उद्या कणीस धरो, परवा पीक तयार होवो, असा हुकूम सोडण्याची शक्ती शेतकऱ्यापाशी नाही. ऋतू पालटतो तसे पीक येते. भिक्खूनेही शील, चित्त आणि प्रज्ञा यांची तीन कामे तातडीने करावीत, माझे चित्त आजच मुक्त होवो असा हुकूम त्यालाही सोडता येत नाही, असे भगवंत पुढे सांगतात.

लक्षात घ्या, तथागतांनी शेतकऱ्याला स्वस्थ बस असे म्हटलेले नाही आणि पूजा कर असेही म्हटलेले नाही. आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय, यांच्यामध्ये त्यांनी एक धुरा घातला. अर्ज लिहिणे, इंग्रजी सुधारणे, प्राध्यापकांकडून शिफारसपत्र मिळवणे हे धुऱ्याच्या अलीकडचे. लंडनमधल्या कोण्या खोलीत बसून तिचा अर्ज वाचणारा माणूस धुऱ्याच्या पलीकडचा. रोज पऱ्हाटी उपटून मूळ किती वाढले हे पाहणाऱ्याच्या घरी कापूस येत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, दाखले शेतातले ठीक आहेत, माणसाचा दाखला द्या. देतो. १९१७ साली बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातात होती. पैसा नव्हता. मागून येणारी पुस्तके जहाज बुडाल्याने समुद्रात गेली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना. परवानगीची मुदत एकेक महिन्याने कमी होत होती. अशी वाट पाहणे कोणाच्या वाट्याला आले असेल? पण त्या काळात काय घडले ते पाहा. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. पगारातून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फिरवून लिहायला लावला, तोही लिहिला, आणि १९२३ साली पदवी घेतली. आपल्यासाठी 'मूकनायक' हे पदवीइतकेच मोठे, आणि ते वाट पाहण्याच्या वर्षांतले पीक आहे!

दुसरी एक गोष्ट मला बोचते, ती स्पष्ट बोलतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली. मग यादीवरून लेकराची किंमत ठरवायला आपण कुठे शिकलो? मेडिकलची यादी असो, आय.आय.टी.ची असो की लंडनचे पत्र असो, ज्याचे नाव आले तो घराण्याचा दिवा आणि ज्याचे राहिले तो करंटा, ही बोली आपल्याही वस्तीत ऐकू येते. त्याच्या नशिबातच नव्हते, मागल्या जन्मीचे काही असेल, असेही कोणी बोलून जातो. मागल्या जन्माचा हा हिशेब आपल्याला हजारो वर्षे दाखवला गेला, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तो साफ फेटाळला आहे. जागा थोड्या आणि मागणारे फार, एवढाच यादीचा अर्थ. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती राज्यभरातल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. ती वर्षाला ७५ जणांना मिळते. शहात्तरावी मुलगी कमी बुद्धीची नसते.

आणि वस्तीतल्या आपण सर्वांनी एक पथ्य पाळावे. दर रविवारी वंदना झाली की पाचजणी त्या मुलीला घेरतात, "आलं का गं काही?" सल्लत्थ सुत्तात दोन बाणांची गोष्ट आहे. पहिला बाण लागला तो लागलाच, दुसरा माणूस स्वतःच मनाने मारून घेतो. इथे तर दुसरा बाण आम्ही शेजारी प्रेमाने मारतो आहोत. विचारणाऱ्यांत मी पहिला होतो, हेही कबूल करतो.

त्या माउलीला मी रस्त्यात उपदेश केला नाही. माझ्या उशाखालच्या लिंबाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे सर, पोरीनं रात्र-रात्र जागून केलं ते नारळाच्या नावानं जाईन?" मी म्हटले, "ताई, तसंच होते." त्या नारळाची तिने चटणी केली आणि वाटीभर आमच्या घरी पाठवली.

मुलीशी बोलून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. नागपूरच्या विद्यापीठातल्या एम.ए.चा अर्जही वेळेत भरायचा. आणि पत्र येईपर्यंत संध्याकाळी विहारात दहावीच्या पोरांना गणित शिकवायचे. नऊ पोरे येतात. काल दोन फळे कमी पडले, कोणाच्या घरी जुनी पाटी किंवा खडू असतील तर विहारात आणून द्यावेत. ती शिकवते तेव्हा फोन आईपाशी असतो. उत्तर अजून आलेले नाही.