सव्वा तोळ्याची साधनशुचिता

'साधनशुचिता' हा शब्द आमच्या पिढीने इतक्या सभांतून ऐकला आहे की तो कानावर पडला की हात आपोआप टाळीसाठी पुढे येतात. साध्य कितीही थोर असो, तिथे जाण्याची वाट स्वच्छ हवी, असा त्याचा अर्थ. गांधीवादी मंडळींनी तो रुजवला, बाकीच्यांनी भाषणापुरता वापरला. पण या शब्दाला एक उलटी बाजू आहे आणि तिच्याबद्दल एकाही वक्त्याने कधी चकार शब्द काढला नाही. समजा, साधन घासूनपुसून लखलखीत आहे आणि साध्य आहे एका मुक्या जनावराचा प्राण घेणं. मग टाळी वाजवायची की नाही?

आपल्याकडे हा प्रश्न पडायचं कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषय जवळजवळ मिटवलाच. आणि घरी बसून काडतुसं भरू लागलात, तर १९५९ चा शस्त्र कायदा तुम्हालाच आत भरेल. मला तो पडला अमेरिकेत. कोलोराडोत, भाच्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. तिथे एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी दारू घेऊन बसतात. अगदी मोजून. बंदुकीची!

त्यांची रायफल .३३८ विंचेस्टर मॅग्नम. 'मॅग्नम' म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठा'. शँपेनच्या मोठ्या बाटलीलाही हेच नाव, म्हणजे दारू काही पाठ सोडत नाही. हे काडतूस विंचेस्टर कंपनीने १९५८ साली काढलं. त्याच्या गोळीचा व्यास इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. हरणासाठी जरा जास्तच, हत्तीसाठी कमी, आणि एल्कसाठी अगदी बेताचं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. तीनशे किलोंचा ऐवज.

एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी हे गृहस्थ टाकून देत नाहीत. आपल्या घरी समई चिंचेने घासतात, तशी ती अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घोळवून चकचकीत करतात. मग साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणायची, लांबलेली मान कातरायची, बुडाशी नवा प्राइमर बसवायचा (दिवाळीतल्या टिकलीची ही थोरली बहीण), मोजून दारू ओतायची आणि तोंडावर गोळी बसवायची. वजन सगळं ग्रेनमध्ये. इंग्रजांनी आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता. गृहस्थांची गोळी २२५ ग्रेनची. मी मनात हिशेब केला: सव्वा तोळा! शुभकार्याला सव्वा रुपया ठेवतात, तसा हा सव्वा तोळा. दारू ते ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. म्हणजे गुंजेचा एकोणिसावा हिस्सा. आमचा सोनारसुद्धा सोनं घेताना इतकं तोलत नाही. देताना तोलत असेल.

आणि सोवळं केवढं! टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कारण दोन जातींची दारू एकत्र झाली तर एल्कऐवजी मारणाराच जायचा. काम चालू असताना रेडिओ बंद. बोलणं बंद. माझी आजी नैवेद्याला बसायची तेव्हा याहून जास्त बोलायची.

दुकानात तयार काडतुसं मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुकानातलं काडतूस दगा देऊन जनावर जखमी होऊन पळालं, तर मी कारखान्याला शिव्या देईन आणि रात्री झोपेन. हे माझं मी भरलंय. शिव्या द्यायला माणूसच शिल्लक नाही."

हे ऐकून मी गप्प झालो. नीतीवर मी बरंच वाचलं आहे. पण दोष ढकलायच्या सगळ्या वाटा आपल्याच हाताने बुजवायच्या, त्यासाठी महिनाभर पुंगळ्या घासायच्या, ही तपश्चर्या कुठे वाचली नव्हती. आपली रीत याच्या नेमकी उलट. महाभारतातल्या वनपर्वात धर्मव्याध आहे. मिथिलेत मांस विकायचा आणि ब्राह्मणाला धर्म शिकवायचा. तो सांगतो, मी फक्त विकतो, मारतात दुसरे. एवढा ज्ञानी, पण सुरी त्यानेही दुसऱ्याच्या हातात दिली होती! मग रविवारी पिशवी घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं काय? दुकानदार सुरी उचलतो त्या क्षणी आम्हाला समोरच्या इमारतीचा रंग फार आवडू लागतो.

बरं, गोळीची तर वेगळीच गंमत. ही शिकारीची गोळी अंगात शिरली की फुलासारखी उमलते. अशा उमलणाऱ्या गोळ्या इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनवल्या, म्हणून त्यांचं नाव 'दमदम' पडलं. १८९९ साली हेगच्या परिषदेत जाहीरनामा निघाला की युद्धात माणसांवर असल्या गोळ्या झाडू नयेत, फार क्रूर. आणि कोलोराडोचा नियम सांगतो की एल्कवर रायफलीने झाडायची ती उमलणारीच गोळी हवी. दुसरी चालणार नाही. इंग्लंडच्या १९९१ च्या हरणांच्या कायद्यातही तेच. कारण काय? तर दया! न उमलणारी गोळी आरपार जाते आणि जनावर तडफडत मरतं.

म्हणजे तीच गोळी माणसासाठी क्रूर आणि हरणासाठी दयाळू. आधी मला हसू आलं, पण विचार केल्यावर ते मावळलं. माणसावर गोळी झाडताना तो जगला तरी चालेल, एवढं गृहीत धरलेलं असतं. लढाईतून बाजूला झाला की पुरे. जनावराच्या बाबतीत ते जगावं असं कुणाच्या मनातच नसतं. त्याच्यासाठी फक्त मरण किती लवकर, एवढाच प्रश्न शिल्लक. आमची दया साध्याच्या दाराबाहेर चपला काढून बसते, आत शिरत नाही.

आता माझी खरी शंका सांगतो. दोनशे यार्डांवर एल्कचं काळीज गाठायला दुकानातलं काडतूसही पुरतं, हे त्या गृहस्थांनी स्वतःच कबूल केलं. मग तो ग्रेनचा दहावा भाग कुणासाठी? एल्कला तर तो कळणार नाही. वर्षाला भरलेल्या शेकडो काडतुसांपैकी एल्कच्या वाट्याला एखादंच येतं. बाकीची कागदी चकत्यांवर जातात. पाच भोकं एका नाण्याखाली झाकली जावीत एवढी जवळ आली की बुवांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो दयेचा नव्हे. तो माझ्या आजीचा, सोवळं निष्कलंक पार पडल्याचा. देव जेवला की नाही हे तिनेही कधी वाकून पाहिलं नव्हतं.

पण एवढ्यावरून त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गेल्या वर्षी एल्क समोर उभा होता, बाजू नीट दिसत नव्हती, वारा आडवा होता. ते बंदूक खाली ठेवून परत आले आणि हिवाळाभर कोंबडी खाल्ली. हे त्यांच्या बायकोने सांगितलं, थोड्या तक्रारीच्या सुरात. न झाडलेलं ते काडतूस त्यांनी वेगळं ठेवलंय. मला दाखवलं. बाकीच्यांसारखंच होतं.

यंदा मात्र मिळाला. नोव्हेंबरात एका सकाळी ते स्वतः दाराशी आले. हातात कागदात बांधलेलं पुडकं, वर तारीख, वजन आणि कुठला भाग ते सुवाच्य अक्षरात. भाच्याने आनंदाने हात पुढे केला, तेवढ्यात आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, आज कार्तिकी एकादशी!"

"मग परत देऊ का?" मी विचारलं.

"परत कशाला? एवढं निगुतीनं आणलंय माणसानं. फ्रीजरमध्ये ठेवा. खाली ठेवा हं, वरच्या कप्प्यात नारळाचा चव आहे."